तिसऱ्या रांगेतलं हसू

३ जून
दुकानातून, दुपारी

ढब्बू,

प्रिय, लाडका असलं काही लिहीत नाही, उगाच तुझा गैरसमज व्हायला नको. चार वर्षांनी पत्र लिहितेय ते भांडायला. फोनच करणार होते, पण फोनवर तू नुसतं 'हं, हं' करतोस आणि मी बोलून बोलून घसा बसवून घेते. पत्र बरं, मध्येच ठेवून देता येत नाही.

तर ऐक. तुमच्या त्या कार्यक्रमात माझं हसू वाजतंय. ते काढ.

कसलं हसू, असा चेहरा करू नकोस. आज दुपारी आई आतल्या खोलीत टीव्ही बघत होती. रात्री तिला मी जागू देत नाही, म्हणून शुक्रवारचा भाग शनिवारी पुन्हा लागतो तो बघते. राजकारणातलं तिला ओ की ठो कळत नाही. शेवटी नावं धावतात त्यात 'ध्वनी' म्हणून तुझं नाव दीड सेकंद दिसतं, तेवढ्यासाठी ती पाऊण तास विनोद करणाऱ्या त्या टायवाल्याचं तोंड सहन करते. मी पुढच्या खोलीत शाळेच्या शर्टांच्या कॉलरी कापत होते. माझं तिकडे लक्षही नव्हतं.

टायवाल्याने पुलाचा विषय काढला. आमच्या पक्षाच्या साहेबांनी पादचारी पुलाचं उद्घाटन केलं आणि फीत कापलीच गेली नाही, हे एव्हाना सगळ्या जगाला माहीत झालंय. कात्री चालेना, साहेबांना घाम फुटला, शेवटी ते फितीखालून वाकून पलीकडे गेले. त्यावर तुमचा टायवाला म्हणतो, "निवडून आल्यापासून साहेब पहिल्यांदाच कुणापुढे तरी वाकले. तीही फीत निघाली."

लोक हसले. आणि त्यांच्यात एक बाई हसली. आधी उचकीसारखं 'हिक्', मग शांत, ऐकणाऱ्याला वाटावं झालं हिचं, आणि मग उतारावरून गाडा सुटावा तसं लांबच लांब. आई आतून म्हणाली, "अगं, तू कधी गेलीस तिथे?"

रागाच्या भरात माझ्या हातून एक कॉलर वाकडी कापली गेली.

तुला आमच्या पक्षाचं काही वाटत नाही, ठीक आहे. पण २७ तारखेला आमच्या वॉर्डाचं तिकीट ठरतंय आणि या वेळी माझं नाव पुढे आहे. सोळा वर्षं सतरंज्या उचलल्यात मी. सभेच्या आधी अंथरायच्या, सभा झाली की झटकायच्या, आणि मंचावर दुसऱ्यांनी बसायचं. पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, ताईंना उभं करूया. आणि नेमक्या त्याच महिन्यात मी टीव्हीवर साहेबांना खदाखदा हसतेय.

पुढच्या शुक्रवारच्या आत काढ. बाकी बोलण्यासारखं काही नाही.

ताई

१० जून

ध्वनिविभागाचे प्रमुख यांस,

दोन ओळींचं उत्तर पोचलं. 'ताई, आमचे प्रेक्षक खरेच असतात. कुणाचं तरी हसू कुणासारखं असतंच.' हे सख्ख्या बहिणीला लिहिलंयस की वीजबिलाच्या तक्रारीला?

या शनिवारी मी आईशेजारी फोन घेऊन बसले आणि सगळा भाग रेकॉर्ड केला. ती बाई तीनदा हसली. तिन्ही वेळा अगदी तस्संच. तिन्ही वेळा तिच्या हसण्याच्या मध्यावर शेजारचा माणूस एकदा खोकला. आता तो बिचारा दर वेळी नेमका तेव्हाच खोकतो, असं म्हणणार आहेस का?

मला ती संध्याकाळ चांगली आठवतेय. अकरा वर्षं झाली. तुमचा कार्यक्रम नवा होता, कुत्रं फिरकत नव्हतं तिकडे. खुर्च्या भरायच्या म्हणून तू घरी येऊन नाक घासलंस, आईला, मला, माझ्याकडच्या दोन शिवणाऱ्या बायकांना, सगळ्यांना उचलून नेलंस. तिसऱ्या रांगेत बसवलंस, डोक्यावर माइक लटकत होता. टायवाला काय बोलला ते मला तेव्हाही कळलं नाही. मी हसले ते तुला. कानाला ती यंत्रं लावून तू ऐटीत मागे सरकत आलास, वायर खुर्चीत अडकली आणि धाडकन बसलास. उठून इकडेतिकडे बघितलंस, कुणी पाहिलं नाही ना म्हणून. मी पाहिलं होतं. मुरकुंडी वळली माझी.

म्हणजे माझा भाऊ आपटला म्हणून मी हसले, आणि तू ते डबीत भरून ठेवलंस आणि अकरा वर्षं वाटेल त्याच्यावर शिंपडतोयस. मला विचारलं होतंस?

आता इथलं ऐक. आमच्या पक्षात तुमचा कार्यक्रम कुणीही बघत नाही आणि सगळ्यांना तो पाठ आहे. परवा बैठकीत मास्तरीणबाईंनी फोन काढला. मास्तरीणबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांनाही हेच तिकीट हवंय. म्हणाल्या, "मुलांनो," आम्ही सगळे चाळिशी-पन्नाशीचे, तरी त्या मुलांनोच म्हणतात, "मुलांनो, हा आवाज ओळखा पाहू." आणि वाजवलं. खोलीत बाविसेक माणसं होती. सगळे टेबलावरच्या पाण्याच्या बाटल्यांकडे बघत बसले. माझं हसू सगळ्यांना माहीत आहे रे. सभेत पुढचं माणूस चुकीचं बोललं की पहिलं 'हिक्' माझंच निघतं.

आणि याहून वाईट म्हणजे ती फीत मीच शिवली होती.

हे तुला माहीत नव्हतं ना? मग हे वाच आणि तुझ्या टायवाल्याला सांगू नकोस, नाहीतर माझ्याशी गाठ आहे. अध्यक्षांनी मला सांगितलं, ताई, फीत तुमच्याकडची द्या, साटीनची, चांगली दिसली पाहिजे. माझी तीस वर्षांची सवय. कच्ची कड ठेवून कापड दुकानाबाहेर जाऊ देत नाही मी. दोन्ही कडा दुमडून दुहेरी शिलाई मारली. वाऱ्याने लोंबू नये म्हणून आत कॉलरीत घालतो ते कडक बकरम भरलं. अशी देखणी फीत झाली म्हणून सांगू. फीत कापायची असते हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी कापायचं काम आधी करते, शिवायचं नंतर.

आता मास्तरीणबाई म्हणतात, हिने मुद्दाम न कापली जाणारी फीत दिली, आणि मग स्टुडिओत जाऊन हसून आली. ऐकायला किती सरळ वाटतं बघ.

मला तुमच्या चॅनलच्या कागदावर सही-शिक्क्यानिशी लिहून दे, की हे हसू अकरा वर्षांपूर्वीचं आहे, रेकॉर्ड केलेलं आहे. एवढं एक काम कर. आयुष्यात तुझ्याकडे दुसरं काही मागितलं नाही.

ताई

१४ जून

पाच पानी पत्र मिळालं. संतापात काहीबाही लिहून बसेन म्हणून आज उत्तर लिहीत नाही.

१८ जून

ढब्बू,

चार दिवस थांबले. राग उतरेल असं वाटलं होतं. नाही उतरला.

तर तू कबूल केलंस. तुझ्याकडे दोनशेच्या वर हसू आहेत, पुरुषांची वेगळी, बायकांची वेगळी, 'भित्रं', 'उशिरा कळलेलं', 'साहेबांच्या समोरचं' अशी नावं देऊन ठेवलेली. आणि त्यात माझं सगळ्यांत कामाचं. विनोद पडला की तू ते खऱ्या प्रेक्षकांच्या कानावर पडेल असं हळूच सोडतोस आणि मग तेही हसायला लागतात. म्हणजे अकरा वर्षं तो टायवाला माझ्या जिवावर जगतोय आणि मी इथे एका शर्टामागे दहा काजं करतेय.

लिहून देता येणार नाही म्हणतोस. 'प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर' असं पाटीवर मिरवता, ते खोटं निघालं तर सगळ्यांत आधी तुला हाकलतील. मुलीची शाळा आहे, घराचे हप्ते आहेत. हे मला कळत नाही असं वाटतं का तुला? पण तुला माझं कळतंय का? तू लिहितोस, 'ताई, तू ज्यांच्यासाठी राबतेस त्यांना तुझं नाव तरी माहीत आहे का?' हेच तू चार वर्षांपूर्वी जेवणाच्या टेबलावर म्हणालास. मी टाळ्या वाजवायला माणसं नेते, तू हसायला माणसं आणतोस, मग फरक काय, असं विचारलंस आणि मी तुला ताटावरून उठवलं.

फरक मी आज सांगते. तुमचे प्रेक्षक शुक्रवारी हसतात, हलके होतात आणि गाढ झोपतात. नळाला पाणी आलं नाही की सकाळी माझ्या दुकानात येऊन उभे राहतात, टायवाल्याकडे जात नाहीत. त्या पुलासाठी आठ वर्षं अर्ज मी लिहिलेत. रेल्वेरूळ ओलांडताना आमच्या गल्लीतली दोन माणसं गेली तेव्हा तुमचा कार्यक्रम कुठे होता? पूल झाला. त्यावरून आज लोक चालतात. आणि देशाला काय आठवतंय, तर फीत.

एक मात्र खरं. हसू काढलंस, ते कळतं. काल शनिवारी आई एकदाही न हसता बघत होती. म्हणाली, "हल्ली पांचट झालाय गं हा." शेजारचा केशकर्तनवाला तेच म्हणाला, गिऱ्हाइकं म्हणतायत टायवाल्याची धार गेली, सरकारने दम दिला असणार. कुणाला काय वाटेल याचा नेम नाही. सरकारने दम नाही दिला, मी दिला.

काल मला कार्यालयात बोलावलं होतं. अध्यक्ष, पक्षाचे वकील आणि वरून आलेले दोघे. जिन्याखालची ती खोली, भिंतीला साहेबांचा माणसाएवढा पुठ्ठा टेकवून ठेवलेला. अध्यक्ष खाली मान घालून म्हणाले, "ताई, राग मानू नका. पण जरा हसून दाखवा."

मी म्हटलं, "काय?"

"म्हणजे जुळतं का बघू. जुळलं नाही तर विषयच संपला."

मी हसले. म्हणजे हा हा हा केलं. वकील म्हणाले, मनापासून हसा. मनापासून कसं हसतात, ढब्बू? चार गंभीर पुरुष तोंडाकडे टक लावून बसलेले, त्यातल्या एकाच्या हातात फोन, त्यात माझंच हसू. त्यांनी ते वाजवायचं, मग मी हसायचं, मग त्यांनी पुन्हा वाजवायचं. सात वेळा. शेवटी वरून आलेल्यांपैकी एकाने मला विनोद सांगितला. नवरा-बायकोचा होता. मला रडूच यायचं बाकी राहिलं.

तरी त्यांनी ठरवलं, जुळत नाही. वकील आनंदले. म्हणाले, मग काम सोपं आहे, आपण तक्रार करू. कागद ते तयार करतायत, २७ला सगळ्यांसमोर सही करायची, की लगेच तिकीट जाहीर. कागदात काय आहे ते अजून दाखवलेलं नाही.

एवढं सगळं तुझ्यामुळे. लक्षात ठेव.

ताई

२८ जून
पुन्हा दुकानातून

ढब्बू,

काय झालं ते तुला दुसरं कुणी सांगायच्या आधी मी सांगते, म्हणजे त्यात मीठमसाला लागणार नाही.

काल कार्यालय भरलेलं होतं. खुर्च्या कमी पडल्या, लोक खिडकीत बसले. मास्तरीणबाई पहिल्या रांगेत. वकिलांनी कागद समोर ठेवला, पेनाचं टोपण काढून माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, वाचते आधी. सगळ्यांना घाई होती, पण माझी सवय तुला माहीत आहे.

असं होतं त्यात: 'सदर हास्य माझे नसून माझ्या आवाजाची बनावट नक्कल आहे. हे कृत्य माझा सख्खा भाऊ, जो सदर कार्यक्रमात ध्वनिविभागात नोकरीस आहे, याने माझी व पक्षाची बदनामी करण्याच्या हेतूने केले आहे. त्याच्यावर फौजदारी कारवाई व्हावी. मी साहेबांना आजपर्यंत कधीही हसलेली नाही.'

इथे मी गाळलंय, पण कागदात तुझं नाव दोनदा होतं. वडिलांच्या नावासकट, पूर्ण.

मी विचारलं, भावाचं नाव कशाला? वकील म्हणाले, त्याशिवाय वजन येत नाही. अध्यक्ष हळूच म्हणाले, "ताई, चार वर्षं तुम्ही बोलत नाही त्याच्याशी. आम्हाला माहीत आहे."

सही केली असती तर पोलीस तुझ्या दारात आले असते. खरं सांगितलं असतं, की हसू माझंच आहे पण अकरा वर्षांचं शिळं आहे आणि तुमच्याकडे अशी दोनशे आहेत, तर तिकीट बहुतेक मिळालं असतं. आणि आज सकाळी सगळ्या वर्तमानपत्रांत तुमचा कार्यक्रम उघडा पडला असता. वकिलांना तर ते जास्तच आवडलं असतं. माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं. तुझ्यावर मला इतका राग आहे की ते बाहेर पडायला काहीच अडचण नव्हती.

मी पेनाला टोपण लावलं आणि म्हटलं, "हे हसू माझंच आहे."

खिडकीतली माणसं खाली उतरली.

अध्यक्षांनी विचारलं, "तुम्ही तिथे गेला होतात?" मी म्हटलं, "गेले होते. तिसऱ्या रांगेत बसले होते." "आणि हसलात?" "पोट दुखेपर्यंत." कधी गेले ते कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. एक शब्द खोटा बोलले नाही मी.

मग मास्तरीणबाई उठल्या. त्यांनी नेमका प्रश्न विचारला, इतकी वर्षं शाळा उगाच नाही चालवली त्यांनी. "साहेब फितीखालून वाकले, त्यावर तुम्ही हसलात का? हो की नाही?"

आता जे लिहितेय ते पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं. त्या दुपारी माझं टीव्हीकडे लक्ष होतं. दर शनिवारी असतं. टायवाला ते वाक्य बोलला आणि मला आवरलंच नाही. आत टीव्हीत मी हसत होते आणि बाहेर कात्री हातात धरून मी हसत होते, आणि आई मध्ये बसून दोन्हीकडे बघत होती. कॉलर रागाने वाकडी कापली गेली नाही, हसण्याने गेली. आईने जे विचारलं ते तुला अर्धंच कळवलं होतं मी. ती म्हणाली होती, "अगं, तू कधी गेलीस तिथे? आणि इथे कोण हसतंय मग?"

हसण्यासारखंच होतं ते. साहेबांसारखा माणूस माझ्या बकरमपुढे हरला. आठ वर्षं मी अर्ज घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले, एकदाही त्यांनी मान खाली करून माझ्याकडे बघितलं नव्हतं.

म्हणून मास्तरीणबाईंना सांगितलं, हो. हसले.

तिकीट त्यांना मिळालं. टाळ्या वाजल्या. सभा संपल्यावर सतरंजी कोण उचलणार म्हणून सगळे माझ्याकडे बघत होते, मी चपला घातल्या आणि निघाले. आज सकाळपासून दुकानात तीन बायका येऊन गेल्या. नळाचंच विचारायला. त्यांना अजून कळलेलं नाही की आता माझ्या सांगण्याने काही होणार नाही. मी अर्ज लिहून घेतले.

तुझ्यासाठी केलं असं डोक्यात घेऊ नकोस. तुझ्यावरचा राग आहे तसा आहे. तू मला न विचारता माझी वस्तू वापरलीस, दोन ओळींचं उत्तर पाठवलंस, आणि मी निवडून यायच्या लायकीची असेन असं सोळा वर्षांत तुला एकदाही वाटलं नाही. यातलं काही मी विसरणार नाही. फक्त तुला तुरुंगात घालून मंचावर बसायचं नव्हतं मला. ज्या खुर्चीसाठी सोळा वर्षं वाट बघितली तिच्यावर बसताना खाली बघावं लागलं असतं.

आता कामाचं. ते हसू परत लाव. पुढच्याच शुक्रवारी. मी भरल्या कार्यालयासमोर ते माझं आहे म्हणून सांगितलंय, ते आता नाहीसं झालं तर लोक शोधायला लागतील आणि तूच अडकशील. पण मिळेल त्या फुटकळ विनोदावर लावायचं नाही. माझं तिकीट गेलंय त्याच्यापायी. टायवाला कुणाच्या टकलावर, कुणाच्या बायकोच्या जाडीवर बोलला आणि खाली माझं हसू वाजलं, तर मी तिथे येऊन त्याची टाय कापीन, आणि ती कच्च्या कडेची असते, मी बघितलंय. गुरुवारी फोन कर, कुठे लावणार ते मला वाचून दाखव. मला हसू आलं तर लाव. नाही आलं तर त्या खोकणाऱ्या माणसाला वापर.

आई विचारतेय, तू कधी येतोस. मी विचारत नाहीये.

ताई